हरलेल्यानं पिसायचं

सूड घ्यायचा तर एकवीसपर्यंतची बेरीज पक्की हवी, हे रेवाला कळायला फार उशीर झाला. तोवर तिचा समज होता की सुडाला नुसता राग पुरतो. राग तिच्याकडे भरपूर होता. सुजयदादाचा नंबर तिनं फोनमध्ये ‘फळीचोर’ नावानं ठेवला होता. त्याच्या फोटोंना ती पूर्वी लाल बदाम द्यायची, आता कोरडा अंगठा द्यायची. सुजयदादा मात्र दिवसेंदिवस जाड होत होता, म्हणजे अंगठ्याचा त्याच्यावर काही परिणाम होत नव्हता.

झालं होतं असं. गिरीज गावी दिनानाथांची केळीची वाडी, वाडीत घर, घराला ओटी आणि ओटीवर झोपाळा. सागवानी फळी, पितळी साखळ्या. दिनानाथ म्हणजे रेवाचे आजोबा. दुपारी जेवण झालं की ते झोपाळ्यावर बसायचे आणि डाव्या पायाच्या अंगठ्यानं जमिनीला हळूच रेटा देत विचार करायचे. कसला विचार, ते कुणी विचारलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की कडीचा कर्रर्र आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे.

सुजय रेवाचा चुलत भाऊ. नायगावला चौदाव्या मजल्यावर राहायचा. मध्यंतरी काही महिने तो गोव्याच्या एका कॅसिनोत पत्ते वाटायला होता. तिथून येताना एक हिरवं कापड, एक काळं जाकीट आणि पत्ते या हातातून त्या हातात पाण्यासारखे सोडायची कला घेऊन आला. आता तो टॉवरांच्या क्लबहाउसात कॅसिनोच्या पार्ट्या लावायचा. प्लास्टिकची नाणी, चिवडा आणि तेच जाकीट.

गेल्या भाऊबीजेला त्यानं ते हिरवं कापड दिनानाथांच्या ओटीवर पसरलं.

“आजोबा, ब्लॅकजॅक खेळू. एकदम सोपं. एकवीसच्या जवळ जायचं, पुढे जायचं नाही. पत्ता हवा असेल तर बोट आपटा. नको असेल तर पत्त्यांवरून असा आडवा हात फिरवा.”

“आणि लावायचं काय?” दिनानाथांनी विचारलं.

“तुम्ही म्हणाल ते.”

“लाव हा झोपाळा,” दिनानाथ हसत म्हणाले. त्यांनी तो विनोद केला होता. सुजयनं तो जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला.

दिनानाथांना आली दश्शी आणि नव्वी. एकोणीस. त्यांनी पत्त्यांवरून आडवा हात फिरवला. हा हात त्यांच्या ओळखीचा होता. आयुष्यभर पंगतीत पानावर त्यांनी हाच हात आडवा धरला होता, आणि त्याचा अर्थ वाढणाऱ्यानं पुन्हा विचारावं असा असतो, हे समजायला कुठल्या कॅसिनोत जावं लागत नाही.

सुजयनं पुन्हा विचारलं. “एक घ्या ना, आजोबा.”

“नको रे, पुष्कळ झालं.”

“असं कसं? माझ्या हातचं.”

“खरंच नको.”

“एकच. नाहीतर मला वाईट वाटेल.”

तिसऱ्या आग्रहाला नको म्हणणं दिनानाथांना जन्मात जमलं नव्हतं. “बरं, एवढं म्हणतोस तर अर्धा दे,” ते म्हणाले.

सत्ती आली. अख्खी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजय टेम्पो घेऊन हजर. घरच्यांना वाटलं गंमत करतोय. दिनानाथांनी मात्र एका शब्दानं अडवलं नाही, कारण शब्द त्यांचाच होता. सुजय साखळ्या काढायला स्टुलावर चढला तेव्हा तेवढे बोलले. “झोपाळा म्हणजे फळी. साखळ्यांचं बोलणं झालं नव्हतं.”

यावर सुजयनं बराच वाद घातला, शेवटी फळी घेऊन गेला. नायगावला गेल्यावर त्याला कळलं, की हॉलमध्ये झोपाळा टांगला तर पुढे जाताना टीव्हीला लागतो आणि मागे येताना शेजाऱ्यांच्या भिंतीला. शिवाय साखळ्या नव्हत्याच. म्हणून त्यानं फळी चार विटांवर ठेवली आणि तिच्यावर टीव्ही ठेवला. इकडे गिरीजला तुळईवरून साखळ्या नुसत्या लोंबत राहिल्या. त्यांवर पंचे वाळू लागले.

दिनानाथ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागले. जेवण झालं की त्यांचा डावा अंगठा सवयीनं जमिनीला रेटा द्यायचा. खुर्ची जागची हलायची नाही. तिला पाय चार होते, पण विचार करायची सवय एकालाही नव्हती. थोड्या वेळानं अंगठा थांबायचा आणि दिनानाथ समोरच्या केळींकडे बघत बसायचे. बोलणंही कमी झालं होतं. रेवा घरूनच काम करायची. तिच्या लॅपटॉपच्या वरून तो अंगठा तिला रोज दिसायचा. तो अंगठा पुन्हा चालू करायचा आणि सुजयदादाला चारचौघांत रडवायचं, एवढं तिचं मागणं होतं. दोन्ही एकाच दिवशी झालं तर उत्तम.

कुंपणापलीकडच्या वाडीत मार्गारेट आंटी राहायची. अर्धं आयुष्य तिनं पर्यटकांच्या जहाजांवर ब्लॅकजॅकचं टेबल सांभाळण्यात घालवलं होतं, आणि आता निवृत्त होऊन रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची. दोन्ही कामं तिला सारखीच वाटायची. नियम आधीच ठरलेले असतात आणि माणसं तरीही आशा ठेवतात.

“शिकायचंय कशाला?” तिनं रेवाला विचारलं. समोर सुपात वाल होते.

“सूड घ्यायचाय.”

“बरं. मग आधी वाल निवड.”

पहिले काही दिवस नुसती प्रश्नोत्तरं झाली. आंटीला दुसरी पद्धतच माहीत नव्हती.

“एक्का किती?”

“एक किंवा अकरा.”

“कोण ठरवतं?”

“ज्याच्या हातात आला तो.”

“राजा, राणी, गुलाम?”

“सगळे दहा.”

“राजा मोठा नाही?”

“इथे नाही.”

“वाटणारा कधी थांबतो?”

“सतराला.”

“आणि सोळा झाले तर?”

“घ्यावाच लागतो.”

“मनात नसलं तरी?”

“वाटणाऱ्याला मन नसतं.”

“बरोबर. हा वाल किडका आहे, काढ.”

मग खरे पत्ते निघाले, आणि लावायला नाण्यांऐवजी वाल. रेवाच्या हातात अठरा होते. तिनं आडवा हात फिरवला. आंटी पत्ता पुढे करून म्हणाली, “घे गं, एक घे.”

“नको आंटी.”

“घे, एवढ्या लांबून आलीस.” रेवा कुंपणाच्या फटीतून आली होती.

“खरंच नको.”

“माझ्यासाठी.”

रेवानं पत्ता घेतला. राणी.

“एकवीसच्या पुढे गेलीस. फुटलीस,” आंटी म्हणाली. आणि मग तिनं सांगितलं, की जहाजावर एकदा प्रवाशानं हात फिरवला की विषय संपला. वरून कॅमेरा बघत असतो. हात फिरवलेल्या माणसाला तिनं पत्ता घ्यायचा आग्रह केला असता तर पुढच्या बंदरात तिला उतरवून दिलं असतं. “सुजयला हे ठाऊक असणार. पहिल्याच दिवशी शिकवतात.”

रेवानं एक चांगला वाल चुकून किडक्यांत टाकला.

त्या दिवसापासून ‘नको’चा सराव सुरू झाला. आंटी केक पुढे करायची, रेवा हात फिरवायची. आंटी डोळ्यांत पाणी आणायची, रेवा हात फिरवायची. सराव इतका पक्का झाला, की गासच्या मावशीकडे श्रीखंड वाढताना रेवानं एकदाच हात फिरवला आणि खरोखरच घेतलं नाही. पंगत गप्प झाली. रात्री मावशीचा फोन आला, आमचं काही चुकलं का म्हणून.

तरीही रेवा आंटीकडून हरतच होती. कधी जिंकायची, पण संध्याकाळपर्यंत तिच्यापुढचे वाल आंटीपुढे गेलेले असायचे.

“मी चुकत नाहीये,” ती चिडून म्हणाली.

“नाहीच चुकत. पण तू आधी खेळतेस, मी शेवटी. तू फुटलीस की तुझे वाल माझे. मग माझ्याकडे काय होतं ते कुणी विचारत नाही. एवढ्या एका गोष्टीवर जहाजं चालतात, पोरी. जिंकायचं असेल तर पत्ते तू वाट.”

“तो वाटू देईल?”

“ते मी कसं सांगू? आमच्या जहाजावर तरी कुणी मागितलं नव्हतं.”

संधी आली ती सुजयच्याच लग्नाच्या निमित्तानं. त्याचं आगाशीच्या राधिकाशी जमलं. साखरपुड्याआधी मुलीकडच्यांनी घरातल्या थोरल्यांच्या पाया पडायला यावं म्हणून दिनानाथांकडे जेवण ठेवलं. राधिका आली, तिचे वडील आले आणि तिची आजी आनंदीबाई आली. आनंदीबाईंनी घराचा उंबरठा ओलांडण्याआधी विहीर, तुळस आणि चपलांची रांग तपासली, मगच आत आल्या. सुजय त्यांच्यापुढे इतका नम्र झाला होता, की त्याचं जाकीट त्याला सैल वाटत होतं.

जेवणं झाली. पानं उचलली. सगळे ओटीवर आले आणि राधिकाच्या वडिलांनी वर बघून विचारलं, “या साखळ्या कसल्या?”

“आजोबांनी मला झोपाळा भेट दिला,” सुजय घाईनं म्हणाला.

“पत्त्यांत जिंकलास,” रेवा म्हणाली. “लाजतोस काय, दादा? सांग ना. गोव्याला शिकून आलाय तो.”

“असं?” राधिका म्हणाली. “मला कधी बोलला नाहीस.”

सुजयला हे कौतुक वाटलं. त्यानं पत्ते काढले आणि पाण्यासारखे सोडून दाखवले. आनंदीबाईंनी पापणी हलवली, म्हणजे दाद दिली.

“एक डाव होऊ दे मग,” रेवा म्हणाली. “मी या साखळ्या लावते. तू फळी लाव.”

सुजयनं वर बघितलं. साखळ्या नसल्यामुळे सहा महिने तो झोपाळ्याच्या फळीवर क्रिकेट बघत होता. “आजोबांना विचार आधी.”

दिनानाथ खुर्चीत बसले होते. त्यांनी रेवाकडे बघितलं, साखळ्यांकडे बघितलं आणि मान हलवली.

“बघ हं, रेवडे,” सुजय म्हणाला. “नंतर रडायचं नाही.” आणि हिरवं कापड पसरून तो पत्ते पिसू लागला.

“दादा, तू कशाला पिसतोस? हरलेल्यानं पिसायचं. मागच्या वेळी आमचं घर हरलं. पिसणी आमच्यावर.”

“या खेळात तसं नसतं.”

“का हो?” राधिकाचे वडील म्हणाले. त्यांची हयात मेंढीकोटात गेली होती. “हरलेल्यानंच पिसायचं. जिंकलेला पिसायला बसला तर शोभतं का? मागच्या वेळी कुणी पिसलं होतं?”

पिसलं सुजयनंच होतं, आणि त्याची त्याला दोन कारणं सुचली. एक खरं होतं, आणि ते सासऱ्यांना सांगण्यासारखं नव्हतं. “मीच,” तो म्हणाला. “आजोबांचे हात थरथरतात म्हणून.”

दिनानाथांनी आपले हात समोर धरून बघितले. ते मुळीच थरथरत नव्हते.

“गुणी मुलगा,” राधिकाचे वडील म्हणाले. “आता बसा आरामात. पिसू दे तिला.”

रेवानं पत्ते घेतले. मार्गारेट आंटी कुंपणापलीकडे पडवळाच्या मांडवाखाली उभी होती. ती पडवळ बघत असावी, पण पडवळाचा हंगाम नव्हता.

रेवानं वाटलं. सुजयला राजा आणि दश्शी. वीस. रेवापुढे एक पत्ता उघडा, एक झाकलेला. उघडी होती छक्की.

सतरापर्यंत घेत जायची सक्ती असलेल्या वाटणाऱ्याला याहून वाईट पत्ता सहसा येत नाही. रेवाला ते ठाऊक होतं, सुजयला ठाऊक होतं आणि पडवळाखाली आंटीनं कपाळावर क्रूस काढला. सुजय हसला आणि त्यानं ऐटीत आडवा हात फिरवला.

“घे ना एक, दादा,” रेवा म्हणाली.

सुजयचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याला कळलं. “नको.”

“आमच्याकडे येऊन असं काय करतोस? माझ्या हातचं.”

“नको म्हटलं ना.”

“नको कसं?” राधिकाचे वडील मध्ये पडले. त्यांना खेळ कळत नव्हता, पण आग्रह कळत होता. “बहीण एवढं म्हणतेय. जावईबापू, तुमच्या घरी सून म्हणून मुलगी देतोय, मन मोडायची सवय नको.”

“काका, याचे नियम वेगळे असतात. हात फिरवला की थांबायचं असतं.”

“अस्सं,” दिनानाथ खुर्चीतून म्हणाले. सहा महिन्यांत त्यांनी आपणहून काढलेला हा पहिला शब्द होता. “हात फिरवला की थांबायचं असतं?”

राधिकानं आजोबांकडे बघितलं, मग सुजयकडे, आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. सुजयनं ती आठी बघितली. लग्नाआधी पडलेली आठी लग्नानंतर किती मोठी होते याचा त्यानं हिशेब केला असावा.

“दे,” तो म्हणाला. “दे एक.”

रेवानं पत्ता टाकला.

इस्पिकचा एक्का.

वीस आणि एक. एकवीस. सुजय जागचा उठलाच. “एकवीस! झालं! काढ साखळ्या.”

रेवानं बेरीज पुन्हा केली, तेवढीच आली. एवढे वाल निवडले, श्रीखंड सोडलं, मावशी दुखावली, आणि आपल्याच हातानं आपण चोराला एक्का वाढला. दिनानाथांचा अंगठा जमिनीला रेटा देऊन थांबला.

“किती झाले पुढ्यात?” आनंदीबाईंनी विचारलं. जेवण झाल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

“एकवीस, आजी,” सुजय आनंदानं म्हणाला.

“ते नव्हे. नग किती?”

सुजयनं खाली बघितलं. राजा, दश्शी, एक्का. “तीन.”

“तीन कुणी वाढतं का?” आनंदीबाईंनी रेवाकडे बघितलं. “आईनं शिकवलं नाही? पानात तीन ठेवू नयेत. एक वाढ.”

“आजी, पोळ्या नाहीत त्या,” सुजय म्हणाला. त्याचा आवाज चौदाव्या मजल्यावरून येत होता. “पत्ते आहेत.”

“असू देत. तीन ते तीन. आज बोलणी करायला आलोय. घरात शुभ काय, अशुभ काय कळत नसेल तर तसं सांगा, आम्ही आपले आगाशीला जातो.”

“घे ना,” राधिका म्हणाली. “एक पत्ता तर घ्यायचाय. आजीचं मन मोडशील का?”

सुजयनं सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. सासरे वाट बघत होते. आनंदीबाईंचा हात पिशवीच्या बंदावर गेला होता. शेवटी त्यानं दिनानाथांकडे बघितलं. दिनानाथांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी काहीतरी विचार चाललेला दिसत होता.

“अर्धा घेतोस का?” त्यांनी विचारलं.

सुजय खाली बसला आणि त्यानं हिरव्या कापडावर बोट आपटलं.

रेवानं चौथा पत्ता वाढला. बदामाची सत्ती. तिनं तो शांतपणे, कडा जुळवून, एक्क्याशेजारी ठेवला.

“आता कसं पान भरल्यासारखं दिसतंय,” आनंदीबाई म्हणाल्या.

“अठ्ठावीस,” रेवा म्हणाली. “फुटलास, दादा.”

“तुझा झाकलेला दाखव.”

“कशाला? मी शेवटी खेळते.” तिनं झाकलेला पत्ता तसाच उचलून गड्डीत घातला आणि पिसून टाकला. तो कुठला होता हे सुजयला आजतागायत माहीत नाही. लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यानं करवली म्हणून उभ्या असलेल्या रेवाला हळूच विचारलं होतं. तिनं आडवा हात फिरवला.

फळी आणायला त्याच संध्याकाळी रेवा त्याच्याबरोबर नायगावला गेली. गरज नव्हती, पण तिला बघायचं होतं. सुजयनं टीव्ही जमिनीवर ठेवला. फळी लिफ्टमध्ये उभी मावेना, आडवी मावेना, तिरकी घातली तर दार लागेना. ती डोक्यावर घेऊन त्याला जिन्यानं उतरावं लागलं. रेवा लिफ्टनं उतरली. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून, दार उघडून, तो येईपर्यंत ती वाट बघायची. तो जवळून गेला की दार लावायची. पाचव्या मजल्यावर तो एवढंच म्हणाला, “आग्रह मी केला होता, पण अर्धा त्यांनीच मागितला होता.” रेवानं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फळी तुळईखाली आली. पंचे उतरले. कड्यांना खोबरेल लावलं. फळीवर टीव्हीच्या पायांचे चार डाग पडले होते, ते दिनानाथांनी बोटानं चाचपले आणि बसले. डावा अंगठा जमिनीला टेकला. कर्रर्र.

रेवा त्यांच्याशेजारी बसली. सुजय घाम पुसत उभा होता. फळीवर अजून एक माणूस सहज मावला असता. तो बसायला पुढे झाला.

“तिघं नको,” दिनानाथ म्हणाले. “तीन बरं नसतं. तू झोका दे.”

सुजयनं साखळी धरली आणि झोका दिला. मग अजून एक. झोपाळा केळींच्या बाजूला गेला, भिंतीकडे आला. सुजयचे हात आधीच जिन्यात गेले होते, ते आता खांद्यातून सुटू लागले. थोड्या वेळानं दिनानाथांना दया आली. त्यांनी आडवा हात फिरवला.

“पुरे रे, सुजय. पुष्कळ झालं.”

सुजयनं साखळी सोडली.

“सोडतोस काय?” रेवा म्हणाली. “पहिल्यांदाच नको म्हणालेत. अजून दोनदा म्हणू देत.”